‘अकरा टाकून घेऊ का भाऊ?’ : वाचकांचे प्रश्न, विंडोज अपग्रेडबद्दल

या वेळी व्हॉट्सॲपवर आणि टपालानं जे काही आलं त्यातलं बहुतेक एकाच दुखण्याचं आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून स्क्रीनवर कधी छोटी सूचना तर कधी पानभर जाहिरात येते, माणूस घाबरतो, गावातला एखादा पोरगा विंडोज ११ बद्दल म्हणतो "अकरा टाकून देतो ना, त्यात काय", आणि मग तिथून पुढं जे होतं ते आमच्याकडं येतं. म्हणून बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले, मोबाईलवाल्यांनी रागावू नये, पुढच्या अंकात पाहू. नावं छापली नाहीत, तालुका तेवढा ठेवलाय. पत्रातली भाषा जशी आली तशीच आहे, उगाच इस्त्री मारली नाही.

प्रश्न : भाऊ नमस्कार. माह्या घरी कम्प्युटर आहे २०१४ मंधी घेतलेला, आय थ्री, ४ जीबी रॅम. कृषी केंद्राचा सारा हिशोब बी त्याच्यावरच, टॅलीत. आता थे रोज दाखवून रायलं का तुमच्या पीसीवर विंडोज ११ चालत नाही म्हणून. दुकानदार म्हणते नवीनच घ्या. कम्प्युटर तर चांगला चालून रायला, मंग काऊन फेकाव? (दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : फेकू नका भाऊ. सपोर्ट संपला म्हणजे कम्प्युटर बंद पडला असं नाही. उद्याही टॅली उघडेल, बिलं निघतील, प्रिंटर चालेल. संपलं काय, तर मायक्रोसॉफ्टकडून दर महिन्याला, दुसऱ्या मंगळवारी, सुरक्षेच्या ज्या दुरुस्त्या यायच्या त्या आता आपोआप येणार नाहीत. नेटला कधीच न जोडलेल्या कम्प्युटरला याचं फारसं काही नाही, पण तुम्ही त्याच्यावरच नेटबँकिंग करत असाल, जीएसटी भरत असाल, व्हॉट्सॲप वेबवर आलेली कोणाचीही फाईल उघडत असाल तर मात्र फरक पडतो.

आधी प्रोसेसरचा पूर्ण नंबर पहा. डब्यावरचा स्टिकर नाही, सेटिंग्जमधे सिस्टीम, मग अबाउट. आय थ्रीच्या पुढं डॅश देऊन चार आकडे असतात, त्यातला पहिला आकडा म्हणजे पिढी. ४१३० म्हणजे चौथी, ७१०० म्हणजे सातवी, ८१०० म्हणजे आठवी. पाच आकडे असले, जसं १०१००, तर पहिले दोन धरायचे, म्हणजे दहावी. विंडोज ११ हे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढं अधिकृतपणे चालतं, एएमडी असेल तर बहुतेक रायझन २००० मालिकेपासून. शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचंच विंडोज चालू देणारी सोय), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. २०१४ चा तुमचा म्हणजे फार तर चौथी पिढी, तेव्हा स्क्रीनवर येतं ते खरंच आहे, दुकानदार खोटं बोलला नाही, फक्त त्यानं दुसरा रस्ता सांगितला नाही.

तो रस्ता असा. घरगुती वापराच्या विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टनं सुरक्षेच्या अपडेटची एक वर्षाची मुदतवाढ दिली आहे, ईएसयू म्हणतात तिला, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यासाठी विंडोज १० हे २२एच२ या शेवटच्या आवृत्तीवर पाहिजे आणि तुमचं लॉगिन ॲडमिनचं पाहिजे. मग सेटिंग्जमधे अपडेट अँड सिक्युरिटीत गेलं की विंडोज अपडेटच्या पानावर ‘एनरोल नाऊ’ दिसतं. मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटनं साईन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर, नाहीतर त्यांचे १००० रिवॉर्ड पॉईंट. एक गोष्ट सांगून ठेवतो, बॅकअप चालू करताना तो डेस्कटॉप आणि डॉक्युमेंटचे फोल्डरही वनड्राईव्हवर न्यायला पाहतो, तिथं फुकटात ५ जीबीच मिळतात, आणि ते भरले की मग रोज "जागा संपली" म्हणून नवीन कटकट. फोल्डरांवरची खूण काढून टाका, फक्त सेटिंग्ज ठेवा.

कोणी म्हणेल की चिप-बिप नसली तरी जुगाड करून अकरा बसतं. बसतं, खोटं नाही, त्याची टूलं मिळतात. पण तसं बसवलेल्या मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, पुन्हा त्याच पोराला बोलवावं लागतं. कोअर टू ड्युओवाल्यांनी तर तो विचारच सोडा, २४एच२ या आवृत्तीपासून पुढचं विंडोज ११ त्या प्रोसेसरवर सुरूच होत नाही. ज्या कम्प्युटरवर दुकानाची उधारी लिहिलेली आहे त्याच्यावर मी तरी असला प्रयोग करणार नाही. पोराच्या गेमच्या कम्प्युटरवर करा खुशाल.

आणि टॅलीचं. उद्या नवीन घेतला किंवा हाच फॉरमॅट केला, तर त्याआधी टॅलीतून लायसन्स सरेंडर करायचं. ते लायसन्स मशीनला बांधलेलं असतं. सरेंडर न करता फॉरमॅट मारला की नव्या मशीनवर ॲक्टिव्हेशन अडतं आणि मग कस्टमर केअरला फोन, ईमेल, ओटीपी, आणि ओटीपी जातो कुठं तर दहा वर्षांपूर्वी ज्यानं टॅली टाकून दिलं त्याच्या ईमेलवर. हे इतक्यांदा पाहिलंय की फॉरमॅटचं नाव निघालं की पहिला प्रश्न मी हाच विचारतो, ईमेल कोणाचा आहे. डेटाचं म्हणाल तर टॅलीच्या डेटा फोल्डरात कंपनीच्या नावाचे नाही, १०००० सारख्या आकड्यांच्या नावाचे फोल्डर असतात, ते रिकामे-बिनकामाचे समजून सोडून देऊ नका, तोच तुमचा हिशोब आहे. पेनड्राईव्हवर घ्या आणि दुसऱ्या कम्प्युटरवर उघडून पहा. नुसतं कॉपी झालं म्हणजे झालं असं धरू नका.

४ जीबी रॅमची ८ करून हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकली तर हाच कम्प्युटर तुम्हाला नवा वाटेल. नव्या पीसीच्या मानानं बराच कमी खर्च आहे, पण तालुक्याला एकाच दुकानात विचारून येऊ नका, दोन ठिकाणी विचारा.

प्रश्न : सर, माझा कम्प्युटर आठव्या पिढीचा आहे, ८४०० नंबर आहे, तरीसुद्धा पीसी हेल्थ चेक म्हणते की चालणार नाही. टीपीएम नाही आणि सिक्युअर बूट नाही असं लिहून येते. दुकानदाराने फसवले का? (चिखली, जि. बुलडाणा)

उत्तर : फसवलं नाही, फक्त बसवताना घाई केली. तुमच्या प्रोसेसरमधे टीपीएम आतच आहे, बायोसमधे, म्हणजे कम्प्युटर सुरू होताना विंडोजच्या आधी उघडतात त्या सेटिंगमधे, बंद ठेवलेलं आहे. इंटेलच्या बोर्डावर त्याचं नाव पीटीटी असतं, एएमडीवर एफटीपीएम. ते चालू करायचं, एवढंच. रनमधे टीपीएम डॉट एमएससी टाकलं की चालू झालं की नाही ते दिसतं. तिथं ‘क्लिअर टीपीएम’ असंही एक बटण आहे, त्याला हात लावू नका.

सिक्युअर बूटचं जरा नाजूक आहे. त्या काळात असेंबल करणारे लोक सवयीनं जुन्या लेगसी पद्धतीनं विंडोज टाकायचे, डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीत राहायची. आता कोणी व्हिडिओ पाहून बायोसमधे जाऊन लेगसीचं थेट युईएफआय, म्हणजे नवी पद्धत, केलं तर कम्प्युटर सुरूच होत नाही आणि माणसाला वाटतं डिस्क गेली. डिस्क गेलेली नसते, सेटिंग परत लेगसी केली की पूर्ववत चालू होतो. आधी डिस्क जीपीटी या नव्या मांडणीत करून घ्यायची. त्यासाठी विंडोज १० मधेच एमबीआर टू जीपीटी नावाची कमांड आहे, डेटा न पुसता बदलते, तरी आधी बॅकअप हवाच. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून पहिल्यांदा तिला ‘व्हॅलिडेट’ लावून विचारायचं की जमतं का, हो म्हणाली तरच ‘कन्व्हर्ट’. आणि त्यानंतर बायोसमधे जाऊन युईएफआय आणि सिक्युअर बूट. हा क्रम उलटा झाला की फसलं. स्वतः जमत नसेल तर हे पान घेऊन दुकानात जा.

प्रश्न : आमच्या इकडे लाईनचा काही भरोसा नाही. मी परवा अपडेट लावलं, ६० टक्के झालं अन् लाईन गेली. परत आली तर स्क्रीनवर नुसतं गोल गोल फिरत होतं, मी भ्यालो आणि बटन दाबून बंद केला. आता चालू होते पण जुनंच विंडोज १० दिसते. काही बिघाड झाला असंन का? इन्व्हर्टर आहे घरी पण तरी बी बंद झाला. (तेल्हारा, जि. अकोला)

उत्तर : जुनं १० दिसतं म्हणजे बिघाड नाही, उलट चांगलंच झालं. विंडोजनं अर्धवट काम गुंडाळून तुम्हाला पहिल्या जागी आणून सोडलं. त्या गोल गोल फिरण्यात तो बहुतेक तेच करत होता, तेव्हा बटण दाबायला नको होतं, पण थोडक्यात निभावलं.

अपग्रेडचे दोन भाग समजून घ्या. पहिल्यात फाईली डाऊनलोड होतात, उलगडतात, तपासल्या जातात. तुम्ही तेव्हा कम्प्युटर वापरत असता आणि लाईन गेली तरी काही बिघडत नाही, फार तर पुन्हा सुरू करावं लागतं. दुसरा भाग रिस्टार्टनंतरचा, काळ्या किंवा निळ्या स्क्रीनवर टक्के दिसतात तो. तिथं जुन्या विंडोजचं सामान विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरात सरकतं आणि त्या जागी नवं बसतं. या वेळात लाईन गेली तर पुढच्या खेपेला तो बहुतेक स्वतःच मागं फिरतो. हार्ड डिस्क जुनी असेल तर मागं फिरायला तास-दोन तासही लागतात. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर काम चालू आहे असं समजा आणि उठून चहा घ्या. दोन-तीनदा चालू होऊनही आत जात नसेल तर रिपेअरची निळी स्क्रीन येते, तिथं ट्रबलशूटमधे ‘स्टार्टअप रिपेअर’ आणि ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ आहे, ते करून पाहायचं. दुकानदार इथंच "फॉरमॅट मारावा लागेल" म्हणतो, त्याला आधी डेटा काढून द्यायला सांगा. विंडोज उठत नसलं तरी लिनक्सच्या, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टीमच्या, पेनड्राईव्हवरून कम्प्युटर चालू करून फोटो-फाईली काढता येतात, डिस्कला कुलूप नसेल तर.

आता इन्व्हर्टर. घरच्या बऱ्याच इन्व्हर्टरवर मागं किंवा पुढं एक छोटं स्विच असतं, एका बाजूला नॉर्मल किंवा इको, दुसऱ्या बाजूला यूपीएस. नॉर्मलवर असलं की लाईन गेल्यावर बॅटरीवर यायला जो क्षणभर वेळ जातो तेवढ्यात पंख्याला काही होत नाही, पण कम्प्युटर रिस्टार्ट होतो. ते स्विच यूपीएसवर करून पहा, बहुतेक तुमचं काम तिथंच होईल. नाही झालं तर कम्प्युटरपुरता छोटा यूपीएस लागेल, पण त्याची बॅटरी आधी तपासा. दोन-तीन वर्षांच्या जुन्या यूपीएसच्या बॅटऱ्या नावालाच असतात, लाईन गेली की एक शिट्टी आणि खेळ खलास. शेतातल्या घरात राहणारे वाचकही लिहितात, त्यांची लाईन कृषी फीडरची, तिचं वेळापत्रक वेगळं, दिवसपाळी-रात्रपाळी बदलते. त्यांनी कम्प्युटर उचलून गावात नातेवाईकाकडं, गावठाण फीडरवर, न्यावा आणि तिथं करावं, हे मी हसण्यावारी सांगत नाही. लॅपटॉपवाल्यांनी बॅटरी फुल करून आणि चार्जर लावूनच बसावं.

अजून एक, मे महिन्यात दुपारी हे काम काढू नका. पारा ४५ च्या वर असतो, अपग्रेडमधे प्रोसेसर तासभर पूर्ण ताकदीनं चालतो, आणि आपल्याकडच्या कम्प्युटरच्या पंख्यात धूळ, आणि जिनिंगजवळ घर असेल तर कापसाची रुई, अशी गच्च बसलेली असते की हवाच जात नाही. तापून मधेच बंद पडतो आणि दोष लाईनला जातो. डब्याचं झाकण उघडून, प्लग काढून, मऊ ब्रशनं पंखा आणि त्याखालच्या जाळ्या साफ करा आणि पहाटे लावा.

प्रश्न : आमचे लग्नपत्रिका, बॅनर, अर्ज टाईप करून देण्याचे छोटे दुकान आहे, घरीच. भाच्याने विंडोज ११ टाकून दिले, छान दिसते, पण आता जुन्या सगळ्या मराठी फाईली इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतात. पंधरा वर्षांच्या पत्रिका आहेत त्यात. व्हायरस असेल का? (कारंजा लाड, जि. वाशिम)

उत्तर : व्हायरस नाही ताई, आणि फाईली शंभर टक्के शाबूत आहेत. या महिन्यातलं हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात घाबरवणारं दुखणं.

तुमच्या फाईली कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमधे आहेत. या फॉन्टमधे कम्प्युटरच्या लेखी मराठी नसतंच, आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्या अक्षराच्या जागी मराठी आकार दाखवतो. एखादी फाईल उघडून पहा. कृतीदेवमधे टाईप केलेला ‘मराठी’ हा शब्द आता ई, जे, के, मग मोठा बी, मग एच असा दिसत असेल. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, मोठा बी म्हणजे ठ आणि एच म्हणजे दुसरी वेलांटी. असंच दिसत असेल तर निश्चिंत व्हा, फक्त फॉन्ट गेलाय. भाच्यानं विंडोज नव्यानं टाकलं, त्यात जुना फॉन्टचा फोल्डर बाजूला पडला.

आता तो आणायचा कुठून. सी ड्राईव्हमधे विंडोज डॉट ओल्ड फोल्डर आहे का पहा. असेल तर त्याच्या आत विंडोज, त्याच्या आत फॉन्ट्स, तिथं तुमचे सगळे जुने फॉन्ट पडलेले असतील. तिथून नवीन विंडोजमधे इन्स्टॉल करा, राईट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’. हे आजच करा, तो फोल्डर साधारण दहा दिवसांनी विंडोज स्वतःच पुसतं, आणि ‘गो बॅक’ म्हणजे जुन्या विंडोजला परत जायची सोयही तेवढ्यापुरतीच असते. डिस्कचं पार्टिशनच पुसून टाकलं असेल तर हा फोल्डर नसणार, मग ज्या छापखान्याला तुम्ही फाईली पाठवता त्यांच्याकडून तेच फॉन्ट घ्या. तेच म्हणजे नंबरसकट तेच, कृतीदेवचे नंबर वेगवेगळे आहेत आणि पत्रिकेत एक ओळ एका नंबरात आणि दुसरी दुसऱ्या नंबरात असं सर्रास असतं. श्रीलिपी किंवा सीडॅकचं आयएसएम वापरत असाल तर फॉन्ट एकटा पुरत नाही, ते पॅकेजच पुन्हा टाकावं लागतं. एखाद्या पॅकेजचं फार जुनं, १६ बिटच्या काळातलं सेटअप असेल तर ६४ बिट विंडोजवर ते चालतच नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटच आहे, तेव्हा नवी आवृत्ती घेणं आलं.

पुढची कामं मात्र युनिकोडमधे, म्हणजे ज्यात खरी मराठी अक्षरंच साठतात त्यात, करा असा माझा आग्रह आहे, निदान अर्ज-पत्रं तरी. विंडोज ११ मधे मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, लँग्वेजमधे मराठी जोडली की मिळतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. निर्मला फॉन्ट असतोच. मंगल दिसत नसेल तर ऑप्शनल फीचर्समधे देवनागरीचे जास्तीचे फॉन्ट आहेत, ते जोडले की मंगल, कोकिळा, अपराजिता सगळे येतात. बोटांना रेमिंग्टनची, म्हणजे टाईपरायटरच्या जुन्या कीबोर्डची, सवय असते हे कबूल, पत्रिकेच्या नक्षीदार अक्षरांना अजूनही जुनेच फॉन्ट बरे वाटतात हेही कबूल, त्यामुळं दोन्ही ठेवा. पण फॉन्टचा पूर्ण फोल्डर एका पेनड्राईव्हवर घालून तो पेनड्राईव्ह कपाटात ठेवा, दुकानात नको, दुकानातला कोणीतरी पिक्चर भरायला नेतोच.

प्रश्न : गुरुजी म्हणून निवृत्त झालो. हिंदीत फोन आला, "आपका विंडोज एक्सपायर हो गया है, कंपनी से बोल रहे हैं", एक ॲप टाकायला लावले. मी टाकले पण मुलगा आला म्हणून फोन ठेवला. (वरुड, जि. अमरावती)

उत्तर : गुरुजी, कंपनी कधीच कोणाला असा फोन करत नाही. ते ॲप आत्ताच काढा, काढेपर्यंत नेट बंद ठेवा, बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या मोबाईलवरून बदला. खात्यातून काही गेलेलं दिसलं तर लगेच १९३० ला फोन लावा, सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, जितकं लवकर कळवाल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त. मुलाला शाबासकी सांगा.

प्रश्न : मी बचत गटाचे काम पाहते. लॅपटॉपला मोबाईलचे हॉटस्पॉट देते. ऑनलाइन एन्ट्री करायला बसले की अर्ध्या तासात दिवसाचा दीड जीबी संपतो आणि एन्ट्री राहूनच जाते. लॅपटॉप विंडोज ११ ला पात्र आहे म्हणते, पण इतका नेट आणू कुठून? (हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : ताई, तुमचा डेटा विंडोजच खाऊन राहिला आहे, मागं बसून अपडेट ओढत असतो. वायफायच्या सेटिंगमधे तुमच्या हॉटस्पॉटच्या नावावर क्लिक करून ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा, बहुतेक मोठी डाऊनलोडं थांबतील. एन्ट्री आधी होऊ द्या.

अकराची पूर्ण फाईल, आयएसओ म्हणतात ती, ५ जीबीच्या वर असते, म्हणजे तुमच्या प्लॅनवर ती उतरायची नाही. ज्याच्याकडं फायबर आहे त्याच्याकडून किंवा शहरातल्या पोराकडून मायक्रोसॉफ्टच्याच साईटवरून उतरवून पेनड्राईव्हवर मागवा, कुठल्या तरी ग्रुपवर आलेली नको. इथं एक खोडा येतो, १६ जीबीचा पेनड्राईव्ह पूर्ण रिकामा असूनही "फाईल खूप मोठी आहे" म्हणतो. कारण पेनड्राईव्ह फॅट ३२ मधे असतो आणि त्यात ४ जीबीच्या वरची एक फाईल बसतच नाही. पेनड्राईव्ह एक्सफॅटमधे फॉरमॅट करून मग कॉपी करायला सांगा.

घरी आणल्यावर ती फाईल लॅपटॉपमधे कॉपी करा, डबल क्लिक केलं की सीडीसारखी उघडते, आत सेटअप आहे तो चालवा. तो अपडेट उतरवू का विचारेल, तिथं ‘नॉट राईट नाऊ’ करा. मग पुढं ‘कीप पर्सनल फाईल्स अँड ॲप्स’ हेच निवडलेलं आहे ना ते डोळ्यात तेल घालून पहा. ‘ॲप्स’चा पर्याय फिकट दिसत असेल तर बऱ्याचदा भाषा जुळत नसते, लॅपटॉपवर इंग्लिश यूएस आहे आणि फाईल इंग्लिश इंटरनॅशनलची आणली, असं. तेव्हा तिथूनच मागं फिरा, पुढं जाऊ नका, बरोबर भाषेची मागवा. मागवतानाच कळवलं तर हा हेलपाटाच वाचतो.

प्रश्न : दादा, मी बीएस्सीला आहे. टीपीएम चालू करायला बायोसमध्ये गेलो, काहीतरी बदललं, आता लॅपटॉप निळ्या स्क्रीनवर रिकव्हरी की मागतोय. मी कधीच कुठला पासवर्ड ठेवला नव्हता. प्रोजेक्ट सगळा त्यात आहे. (ब्रम्हपुरी, जि. चंद्रपूर)

उत्तर : तू ठेवला नव्हतास, विंडोजनं ठेवला. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं पहिल्यांदा लॉगिन केलं की डिस्कला आपोआप कुलूप लागतं आणि त्याची ४८ आकड्यांची किल्ली त्याच अकाउंटवर जाऊन बसते. बायोसमधे काही हललं की त्याला चोरीचा संशय येतो आणि तो किल्ली मागतो. आधी बायोसमधे जे बदललं ते परत पहिल्यासारखं करून पहा, कधी कधी तेवढ्यानंच उघडतो. नाही उघडला तर मोबाईलवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटला लॉगिन कर, डिव्हाइसेसमधे रिकव्हरी की दिसेल. स्क्रीनवर किल्लीचा आयडी लिहिलेला असतो, तो जुळवून सहा-सहा आकड्यांचे आठ गट टाकायचे.

अडचण तिथं येते जिथं लॅपटॉप सेट करताना ईमेल दुसऱ्याचाच टाकलेला असतो, दुकानदाराचा, मोठ्या भावाचा, कॉलेजचा. त्या सगळ्यांचे अकाउंट तपास. कुठंच किल्ली नसेल तर मात्र डेटा निघत नाही, "आम्ही काढून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नकोस, फॉरमॅट हाच मार्ग उरतो. किल्ली मिळाली तर कागदावर लिहून घे.

प्रश्न : अपग्रेडनंतर प्रिंटर आणि अंगठ्याचे मशीन दोन्ही चालेना. (साकोली, जि. भंडारा)

उत्तर : ३२ बिटच्या विंडोजवरून ६४ वर आलात तर जुने ड्रायव्हर चालत नाहीत, प्रिंटरच्या कंपनीच्या साईटवरून ६४ बिटचा ड्रायव्हर घ्या. आपल्याकडं दर दुसऱ्या टेबलावर दिसणाऱ्या कॅनन एलबीपी २९०० चाही ६४ बिट ड्रायव्हर मिळतो. आधी ड्रायव्हर टाकायचा, मग वायर जोडायची. अंगठ्याच्या मशीनला ड्रायव्हरसोबत आरडी सर्व्हिसही, म्हणजे आधारसाठी अंगठा पाठवणारा प्रोग्रॅम, पुन्हा टाकावी लागते, डिजिटल सहीच्या टोकनचंही तसंच, टोकनच्या आतली सही कुठं जात नाही.

प्रश्न : माझ्या आईवडिलांकडे २०१० चा कम्प्युटर आहे, विंडोज ७, २ जीबी रॅम. क्रोम म्हणते अपडेट होत नाही. मुलगी नववीत आहे, तिला टायपिंग आणि अभ्यासापुरता द्यायचा आहे. नवीन घेण्याची सध्या सोय नाही, यंदा सोयाबीनने काही दिले नाही. (मेहकर, जि. बुलडाणा)

उत्तर : विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला आणि त्याच्यावर क्रोमही १०९ या आवृत्तीला थांबलं, त्यामुळं साईट नीट उघडत नाहीत, यात कम्प्युटरचा दोष नाही. सातच्या कीवर १० फुकट मिळायचं तेही मायक्रोसॉफ्टनं २०२३ मधे बंद केलं. आणि ‘शंभर-दोनशे रुपयात ओरिजिनल की’ वाल्या जाहिराती असतात त्याच्या नादी लागू नका.

इथं मी सरळ लिनक्स मिंट टाका म्हणेन. प्रोसेसर ६४ बिटचा आहे का एवढं पहा, २०१० चे बहुतेक असतात. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, पैसे लागत नाहीत, २ जीबी रॅमवर कसंबसं चालतं, ४ केली तर बरं चालतं, त्यातली एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती घ्या. जुन्या बोर्डाची डीडीआर ३ रॅम जुन्या मार्केटमधे, म्हणजे अकोला-नागपूरकडं, बऱ्याच दुकानांत काढलेली मिळून जाते, कोणी येणारं-जाणारं असेल तर त्याला सांगा, बोर्डाचा मॉडेल नंबर मात्र लिहून द्या.

त्यात लिब्रे ऑफिस आधीच असतं, मराठीचा इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड असतात, कृतीदेवचा फॉन्ट टाकला तर तोही चालतो. टॅली, अंगठ्याचं मशीन, शाळेच्या एखाद्या सीडीवरचं सॉफ्टवेअर हे चालणार नाही असंच धरून चला. मुलीला ते लागणारही नाही.

लगेच इन्स्टॉल करू नका. मिंट पेनड्राईव्हवरूनच चालतं, डिस्कला हात न लावता. आवाज येतो का, वायफायचा डोंगल पकडतो का, कीबोर्ड बरोबर उमटतो का, हे तिला आठवडाभर पाहू द्या. चाललं तर मग इन्स्टॉलवर क्लिक करायचं. तिथं ‘इरेज डिस्क’ असा पर्याय समोरच येतो, तो दाबला की विंडोज आणि त्यातलं सगळं जातं, तेव्हा आजी-आजोबांचे फोटो, डेस्कटॉपवर टाकलेला सातबारा, बँकेची स्कॅन केलेली पासबुकं हे आधी दुसरीकडं काढून ठेवा. डी ड्राईव्हसुद्धा त्याच डिस्कवर असतो, तोही जातो.